एकच झाड, बारा आठवडे: होमस्कूलिंगवाल्या घरांसाठी वसंतातला निसर्ग-अभ्यास

होमस्कूलिंगच्या, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवण्याच्या, पहिल्या वर्षी मी एक चेकलिस्ट छापून घेतली होती. पंचवीस गोष्टी, त्यात पाच पक्षी, पाच फुलं, कोळ्याचं जाळं, मुंग्यांची रांग, एक वेगळ्या आकाराचा दगड वगैरे, आणि मार्चमधल्या एका रविवारी आम्ही चौघं पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पोचलो सकाळी नऊला, म्हणजे सगळे पक्षी आपली कामं उरकून सावलीला गेलेले असतात त्या वेळेला. दहाच्या सुमारास धाकटा एका खडकावर बसून भोकाड पसरत होता, थोरलीने न बघताच निम्म्या चौकटींवर बरोबरच्या खुणा मारून टाकल्या होत्या, आणि मी नवऱ्यावर खेकसत होते की पाणी दोनच बाटल्या का आणलंस. ती यादी अजून घरात आहे, पाठकोऱ्या बाजूला किराणा लिहिलेला.

त्यानंतर आम्ही जे करायला लागलो ते इथे सविस्तर लिहितेय, कारण नवीन होमस्कूलिंग सुरू केलेले पालक भेटले की पहिला प्रश्न हाच असतो, बाहेर जाऊन करायचं काय नक्की? उत्तर एका ओळीचं आहे: एक झाड धरायचं आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत दर आठवड्याला त्याच्याकडेच जायचं. बाकी सगळं त्या झाडाच्या आजूबाजूला आपोआप जमतं.

आधी ऋतूचा घोळ मिटवा

इंग्रजी चित्रांच्या पुस्तकांत वसंत म्हणजे बर्फ वितळतो, गवत हिरवं होतं, ट्यूलिप येतात. आपल्या मुलांच्या डोक्यात तेच चित्र बसलेलं असतं आणि बाहेर बघावं तर टेकडी पिवळी पडलेली, गवत वाळलेलं, झाडं बोडकी. मुलं म्हणतात, हा कसला वसंत? इथेच खरी गंमत आहे. आपल्याकडच्या कोरड्या रानात पानगळ आणि फुलोरा हातात हात घालून येतात, पळस, पांगारा, काटेसावर ही मंडळी पानं झाडून टाकून मग फुलतात, त्यामुळे फुलं लांबून दिसतात आणि पक्ष्यांना बसायला मोकळी फांदी मिळते. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, पण झाडं माघातच कामाला लागलेली असतात. म्हणून गुढीपाडव्याची वाट बघत बसू नका, तोवर पळस बऱ्यापैकी उरकलेला असतो.

पायरी १: झाड निवडा (यात घाई नको, बाकीच्यात चालेल)

घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत हवं. गाडी काढावी लागली की तिसऱ्या आठवड्यात कार्यक्रम बंद पडतो, हे मी अनुभवाने सांगतेय. एखादी तरी फांदी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला हवी. आणि या तीन महिन्यांत ज्याच्यात काहीतरी घडतं असं झाड हवं: पळस, काटेसावर, पांगारा मिळाला तर नशीबच, नाहीतर पिंपळ, करंज, कडुनिंब, आंबा. शहरात यातलं एक तरी गल्लीत असतंच. रस्त्याकडेचा तो उंच सरळसोट खोटा अशोक शक्यतो नको, मुलं कंटाळतात. गुलमोहर दिसायला झकास पण त्याची मजा एप्रिल-मेमध्ये, तोवर नुसत्या शेंगा बघत बसावं लागतं.

आमचं पहिलं झाड करंज होतं, पार्किंगमधलं. तिसऱ्या आठवड्यात सोसायटीने फांद्या गाड्यांवर येतात म्हणून छाटून टाकला, नेमका आम्ही नोंदीसाठी सुतळी बांधलेल्या फांदीसकट. धाकटा दोन दिवस वॉचमनकाकांशी बोलला नाही, त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष. तेव्हा झाड निवडताना छाटणीचा विचार करा, आणि एक राखीव झाड ठेवा.

अगदीच खाली उतरणं शक्य नसेल, तान्हं बाळ आहे किंवा आजारपण आहे, तर खिडकीतून दिसणारं झाड चालतं. एका ओळखीच्या घरात चौथ्या मजल्यावरून पिंपळाचा शेंडा बघून वही भरली, आणि त्यांना घार घरट्यावर बसलेली वरून दिसली जी आम्हाला खालून कधीच दिसली नसती.

पायरी २: सामान

कमी. कोऱ्या पानांची वही (रेघांची नको), पेन्सिल, खोडरबर मुद्दाम घरी ठेवायचं, सहा इंची पट्टी, स्टेशनरीच्या दुकानातलं साधं भिंग, सुतळी, पाणी, टोप्या. दुर्बीण असली तर बरी, नसली तरी पहिलं वर्ष काही अडत नाही, उलट लहान मुलं दुर्बिणीशीच खेळत बसतात. बसायला जुनी चटई किंवा गोणपाट.

पायरी ३: पहिली दहा मिनिटं नाव विचारायचं नाही

हा आमच्या घरचा नियम आहे आणि मोठ्यांनाच तो पाळायला जड जातो. मूल विचारतं हा कुठला पक्षी, आपण म्हणतो बुलबुल, विषय संपला. नाव कळलं की बघणं थांबतं. म्हणून आधी विचारायचं, शेपटीखाली रंग कुठला दिसला? खातोय का नुसता बसलाय? एकटा आहे का जोडी? नाव शेवटी, घरी जाऊन. थोरलीने लालबुड्या बुलबुलाला दोन आठवडे "शेंडीवाला भांडकुदळ" म्हटलं, आणि मग नाव कळल्यावर तिला ते तिच्या नावाच्या मानाने फिकं वाटलं.

वेळ सकाळी साडेसहा ते आठ. एप्रिलमध्ये तर आठनंतर थांबूच नका. संध्याकाळी साडेपाचनंतरही चालतं, पण सकाळची सर नाही.

पायरी ४: नोंद

सुतळी बांधून एक फांदी आपली करून टाका, दर वेळी तीच बघायची. प्रत्येक भेटीला तारीख, वेळ, आणि तीन गोष्टी: पानं, फुलं, फळं. पानांत कोवळी किती, जून किती, पिवळी किती, फुलांत कळ्या किती आणि उमललेली किती, फळांत कच्ची-पिकली. आकडे मोजत बसायचं नाही, "काहीच नाही, थोडी, भरपूर" एवढंच. ही पद्धत माझी नाही, सीझनवॉच नावाचा देशभरातला नागरिक-विज्ञान प्रकल्प आहे त्यात झाडांच्या नोंदी साधारण अशाच घेतात, आपण झाडाची नोंदणी करून दर आठवड्याला माहिती भरू शकतो. आपण लिहिलेलं कुठेतरी खऱ्या अभ्यासात जमा होतंय हे कळल्यावर दहा वर्षांच्या मुलीचं अक्षर कसं सुधारतं ते बघण्यासारखं असतं. खातं मात्र पालकांच्याच नावाने उघडा.

याशिवाय एक चित्र. चित्रकला नाही, नोंद. पान वहीवर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली तरी चित्रच ते. खोडरबर घरी ठेवण्याचं कारण हेच, नाहीतर अर्धा तास खोडण्यात जातो. धाकट्याला लिहायला आवडत नाही, तो बोलतो आणि मी लिहून घेते, त्याचं वाक्य जसंच्या तसं. "पान ओलं नाही पण ओल्यासारखं चमकतंय" हे पिंपळाच्या पालवीबद्दल त्याने सांगितलं होतं, मी तीन वर्षं कॉलेजात बॉटनी शिकून मला ते सुचलं नसतं.

पायरी ५: कधी काय बघायचं

फेब्रुवारीचा उत्तरार्ध हा फुलांचा. काटेसावरीखाली सकाळी पावणेआठला बसून बघा. फूल गळतं तेव्हा पाकळी-पाकळी नाही, अख्खं पडतं आणि थप्प असा चांगला जोरात आवाज येतो, धाकट्याच्या टोपीवर एक पडलं तर तो आधी दचकला आणि मग पुढचं आपल्याच डोक्यावर पडावं म्हणून जागा बदलत बसला. पडलेलं फूल उचला. जाड, मांसल, पाच पाकळ्या, आत पुंकेसरांचा झुबका, मोजायला लावा, साठ-सत्तरच्या घरात जातात आणि मोजताना लक्षात येतं की ते सुटे नाहीत, जुड्या आहेत. वर बघितलं तर मैना फुलात डोकं खुपसून मध पितेय आणि बाहेर काढलेलं कपाळ परागकणांनी माखलेलं. परागीभवन हा धडा वेगळा घ्यावाच लागला नाही आम्हाला.

पळस मिळाला तर फूल उलगडून बघा, माझ्या मते संपूर्ण वसंतातला हा सगळ्यात चांगला धडा आहे. खाली काळपट तपकिरी मखमली वाटी, ती बोटाने चोळून बघायची. मग एक मोठी पाकळी मागे, दोन बाजूला, आणि उरलेल्या दोन जुळून झालेली वाकडी चोच. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे "हा पोपट तर नव्हे?", चोच हातात धरली की मुलांना ते लगेच पटतं. चोच हळूच फाडली की आत दहा पुंकेसर, त्यातले नऊ एकमेकांना चिकटलेले आणि दहावा वेगळा. आता घरी येऊन कुंडीतल्या वाटाण्याचं किंवा वालाचं फूल असंच उघडा. तीच मागची मोठी पाकळी, त्याच दोन बाजूच्या, तीच चोच, तेच नऊ आणि एक. पळस आणि वाल एका कुळातले, हे मी सांगितलं नाही, थोरली स्वयंपाकघरातून ओरडत आली. हादगा, हरभरा, करंज, सगळीकडे हे तपासून बघण्यात आमचे पुढचे दोन आठवडे गेले. आणि हो, पळसाला पानं तीनच, ही म्हण खरी का ते पालवी फुटल्यावर तपासा, तीन दिसतात ती खरं म्हणजे एकाच पानाच्या तीन पर्णिका आहेत, म्हणजे म्हण थोडी चुकली म्हणायची.

होळी-रंगपंचमीच्या आधी खाली पडलेली पळसफुलं गोळा करून सावलीत वाळवा (झाडावरची तोडायची नाहीत). सासूबाई मराठवाड्यातल्या, त्यांच्या लहानपणी रंग असाच व्हायचा. मूठभर फुलं गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवली की पिवळा-केशरी रंग उतरतो. त्यातलं थोडं दोन वाट्यांत घेऊन एकीत चिमूटभर खायचा सोडा टाका आणि दुसरीत लिंबू पिळा. सोड्याचा रंग गडद केशरी होतो, लिंबाचा फिका पडतो. आम्ल आणि अल्कली शिकवायला याहून स्वस्त काही नाही. खेळायचा रंग मात्र नुसत्या पाण्यातला, सोडा घातलेला नको, डोळ्यांत जातो. मी पहिल्या वर्षी पांढऱ्या ओट्यावर हा प्रयोग केला. तुम्ही अंगणात करा. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, कपड्यावरचा निघत नसे, ओट्यावरचा कसा निघेल?"

मार्च हा पालवीचा. पिंपळ बघता बघता बोडका होतो आणि आठवड्याच्या आत तांबूस गुलाबी पानांनी भरतो. कोवळी पानं लाल का? त्यातलं लाल रंगद्रव्य कोवळ्या पानाला कडक उन्हापासून थोडं वाचवतं, हिरवं द्रव्य अजून पुरतं तयार झालेलं नसतं. एकच पान खुणेचं धरून दर दोन दिवसांनी पट्टीने मोजा आणि आलेख काढा, गणिताचा तास झाला. सह्याद्रीच्या बाजूला जाणं झालं तर कुसुमाची पालवी बघा, लांबून फुलंच वाटतात इतकी लाल. जुनं पिंपळपान पाण्यात तीन-चार आठवडे कुजवून मऊ ब्रशने चोळलं की जाळी उरते, भांडं गॅलरीत ठेवा, वास येतो.

पाडव्याला कडुनिंबाची पानं-फुलं गूळ-ओव्याबरोबर खातोच, त्या वर्षी खाण्याआधी भिंगाखाली बघितली एवढाच फरक.

आंबा असेल तर मोहोराच्या एका तुऱ्याला दोरा बांधा. तुऱ्यावर फुलं शेकडो, त्यातली बरीचशी नुसती नर, फळ त्यांना धरतच नाही. दर आठवड्याला त्या तुऱ्यावरच्या बाळकैऱ्या मोजायच्या. आमच्या तुऱ्यावर एकोणीस होत्या, मग अकरा, मग चार, शेवटी एक, आणि तीही वाऱ्याने गेली. धाकट्याने तो तक्ता वहीत काढलाय आणि शेवटी शून्याभोवती गोल केलाय. आंब्यावर पानं शिवून केलेली ओंबिलांची घरटी असतात, लाल मुंग्या, लांबूनच बघा, कडाडून चावतात.

एप्रिल कानांचा महिना. पहाटे कोकीळ, तो कुहू करणारा नर, काळाकुट्ट, लाल डोळ्याचा. मादी तपकिरी आणि ठिपक्यांची, ती वेगळीच किक्-किक् करते, मुलांना हे दोन वेगळे पक्षीच वाटतात. अंडी कावळ्याच्या घरट्यात. त्यामुळे कावळा काड्या घेऊन कुठल्या झाडावर जातोय हे शोधा, कोकीळ त्याच भागात घोटाळताना सापडतो. भर उन्हात सगळं चिडीचूप असताना टुक टुक टुक करणारा तांबट, चिमणीपेक्षा जरा मोठा, हिरवा, कपाळ लाल. घड्याळ लावून एका मिनिटात किती टुक मोजा, शंभराच्या आसपास जातात, मोजताना हमखास चुकतं आणि हसू येतं. पावशाचं "पेरते व्हा" गावाकडे ऐकू येईल. आवाज ओळखायला मर्लिन अॅप चांगलं आहे, पण आधी मुलांनी आवाजाची नक्कल करायची, मग फोन काढायचा, नाहीतर फोन ऐकतो आणि मुलं फोन बघतात.

घरटं दिसलं तर लांब थांबा, फांदी वाकवून आत बघणं, फोटोला जवळ जाणं नको, पक्षी घरटं सोडून देतात. अंडी किंवा वापरातली घरटी उचलणं तर कायद्यानेही चालत नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, मुलांना हेही सांगून ठेवा.

पायरी ६: सावलीची काठी

हे झाडाचं नाही, पण याशिवाय वसंत का येतो ते कळत नाही. गच्चीवर बरोबर एक मीटरची काठी उभी करा, दर पंधरा दिवसांनी दुपारची सगळ्यात छोटी सावली मोजा. पुण्यात फेब्रुवारीच्या मध्यावर ती साधारण ६० सेंटीमीटर येते, २०-२१ मार्चला ३३ च्या आसपास, २० एप्रिलला जेमतेम १२, आणि १३-१४ मेच्या सुमाराला शून्य. शून्य सावलीचा दिवस. मुंबईला तो एक-दोन दिवस नंतर, कोल्हापूरला आठवडाभर आधी, नागपूरला मेच्या शेवटाकडे, कारण अक्षांश वेगळे. वेगवेगळ्या गावच्या चुलत-मामे भावंडांनी एकाच दिवशी मोजून व्हॉट्सअॅपवर आकडे टाकले तर पृथ्वी गोल असल्याचा पुरावा घरच्या घरी मिळतो.

एक गोष्ट आधी सांगू नका, मुलांना सापडू द्या: सगळ्यात छोटी सावली बाराला पडत नाही. पुण्यात ती साडेबाराच्या पुढे पडते, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं, आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला. आम्ही पहिल्यांदा बाराला मोजून खाली आलो आणि जेवल्यावर थोरलीने परत जाऊन मोजली, ती आणखी छोटी झालेली, तेव्हा तिला वाटलं काठी वाकडी झाली.

सांभाळायच्या गोष्टी

सगळ्यात आधी खाजकुइली. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकड्यांवर, घाटात तिच्या मखमली सोनेरी-तपकिरी शेंगा वाळून लोंबत असतात, दिसायला इतक्या गोड की मूल हात लावणारच. त्याची लव लागली की अंग जाळून काढते. चोळायचं नाही, पाणी मारण्याआधी चिकटपट्टी किंवा ओलं शेण-माती लावून लव उपटून काढायची जुनी रीत आहे, आम्ही चिकटपट्टी वापरली, मग भरपूर पाण्याने धुतलं. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

आग्या मोहोळ मोठ्या झाडांवर आणि इमारतींवर याच दिवसांत दिसतं, त्याच्या खाली बसायचं नाही, धूर-अत्तर-दगड काही नाही. वाळलेल्या गवतात वणवा लागलेला दिसला तर फोटो काढत थांबू नका, उतरा. माकडं असलेल्या जागी खाऊ सॅकमध्येच. आणि ऊन, मुलाला तहान लागल्याचं कळायच्या आधी पाणी द्या.

वयानुसार

पाच-सहा वर्षांच्यांना वीस मिनिटं पुरे, त्यांचा अर्धा वेळ मातीतच जाणार, जाऊ द्या. आठ ते अकरा हे सोन्याचे दिवस, मोजमाप-तक्ते-चित्र सगळं आवडतं. बारा-तेराच्या मुलांना "चला झाडाकडे" म्हटलं की डोळे फिरवतात, त्यांना काठी आणि आलेख द्या किंवा आयनॅचरलिस्टवर (प्राणी-वनस्पतींच्या नोंदींचं संकेतस्थळ) फोटो टाकून अनोळखी लोकांशी ओळखीवरून वाद घालू द्या, त्यात रमतात. फक्त घराजवळच्या झाडाचं अचूक ठिकाण लपवलेलं ठेवा.

नातेवाईक विचारतात, याची परीक्षा कुठे? आम्ही वही दाखवतो. ज्यांना वही बघूनही पटत नाही त्यांना चहा देतो.

मेच्या शेवटी सावरीची बोंडं फुटून कापूस उडतो आणि पळसाच्या चपट्या पळसपापड्या खाली पडतात, टोकाला एकच बी असलेल्या. दहा-बारा गोळा करून कागदी पाकिटात ठेवा. दुधाच्या पिशव्या धुऊन, खाली दोन भोकं पाडून, माती भरून तयार ठेवायच्या, पळसाचं मूळ सरळ खोल जातं म्हणून एक लिटरची उंच पिशवीच घ्या, अर्ध्या लिटरची नको. पहिला चांगला पाऊस झाला की बी लावायची आणि पिशवीवर तारीख लिहायची, पेनने नको, मार्करने.